ध्रुववृत्तापलीकडचा फुटबॉल क्लब: बोडो-ग्लिम्ट एवढा मोठा कसा झाला?

१९७२ सालापर्यंत उत्तर नॉर्वेतल्या कोणत्याही फुटबॉल क्लबला देशाच्या सर्वोच्च श्रेणीत खेळायची मुभा नव्हती. संघ कितीही चांगला असो, नियमच तसा होता. राष्ट्रीय चषक स्पर्धेचं दारसुद्धा त्यांच्यासाठी १९६३ मध्ये उघडलं. तिकडच्या हवामानात तयार झालेले खेळाडू दक्षिणेतल्या खेळाडूंच्या तोडीचे होऊच शकत नाहीत, अशी त्यामागची पक्की समजूत होती. त्याच उत्तर नॉर्वेतल्या बोडो या गावच्या क्लबने जानेवारी २०२६ मध्ये चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेच्या सामन्यात इंग्लंडच्या बलाढ्य मँचेस्टर सिटीला ३-१ असं हरवलं.

या दोन गोष्टींच्या मध्ये जे घडलं त्याला बातम्यांमध्ये सर्रास ‘चमत्कार’ म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. चमत्कार म्हटलं की कारणं शोधायची गरज उरत नाही, आणि बोडो-ग्लिम्टच्या बाबतीत कारणं अगदी स्पष्ट दिसतात. काही फुटबॉलच्या नियमांत आहेत, काही पैशाच्या व्यवहारात, काही माणसांच्या सवयींत. नॉर्वेचं फुटबॉल आपल्याकडे फारसं कुणी पाहत नाही, त्यामुळे आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो.

नॉर्वे हा लांबलचक देश. लोकसंख्या जेमतेम ५६ लाख, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. त्यातले बहुतेक लोक दक्षिणेत, ओस्लो, बर्गन, ट्रॉनहाइम, स्टावांगर या शहरांच्या आसपास राहतात. बोडो आहे उत्तर ध्रुववृत्ताच्या किंचित वर, समुद्राच्या काठाला. पन्नास हजारांच्या आसपास वस्ती. उन्हाळ्यात काही आठवडे सूर्य मावळत नाही, आणि डिसेंबरमध्ये दिवसाचा उजेड नावापुरता असतो. मासेमारी, बंदर आणि लष्करी हवाई तळ यांवर हे गाव वाढलं. मे १९४० मध्ये जर्मन विमानांनी केलेल्या बॉम्बहल्ल्यात गावाचा मोठा भाग जळून गेला, त्यामुळे आज जे बोडो दिसतं ते बरंचसं युद्धानंतर बांधलेलं आहे. हवाई तळाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

क्लबची स्थापना १९ सप्टेंबर १९१६ ची. तेव्हा नाव नुसतं ‘ग्लिम्ट’ होतं. त्याच नावाचा दुसरा एक क्लब असल्यामुळे १९४८ मध्ये पुढे गावाचं नाव जोडलं गेलं. पहिली पन्नासेक वर्षं हा क्लब फक्त उत्तर नॉर्वेतल्या स्पर्धांमध्ये खेळला, कारण त्याला दुसरीकडे खेळायची सोयच नव्हती. हा काळ भराभर सांगून संपवता येतो, पण तो विसरून चालत नाही. दोन-तीन पिढ्यांचे खेळाडू आपण देशात कितव्या क्रमांकाचे आहोत हे कळण्याआधीच निवृत्त झाले.

१९७२ मध्ये दार उघडलं तेही किलकिलं. नार्विक गावचा म्योल्नर हा सर्वोच्च श्रेणीत खेळलेला उत्तरेतला पहिला क्लब. पण वर जायचा रस्ता उत्तरेसाठी वेगळा ठेवला होता. दुसऱ्या श्रेणीचे गट होते. दक्षिणेकडच्या गटांचे विजेते थेट वरच्या श्रेणीत जात. उत्तरेच्या गटाच्या विजेत्याला मात्र दक्षिणेकडच्या गटांतल्या उपविजेत्यांशी आणखी सामने खेळून आपली लायकी सिद्ध करावी लागे. म्हणजे तिकडचा दुसरा आणि इकडचा पहिला एकाच मापाचे. बोडो-ग्लिम्टने १९७४ मध्ये गट जिंकला आणि या जादा सामन्यांत ते अडकले. १९७५ मध्ये पुन्हा गट जिंकला, पुन्हा अडकले.

आणि त्याच १९७५ साली त्यांनी राष्ट्रीय चषक जिंकला. अंतिम सामन्यात हाउगेसुंदच्या वार्ड या संघावर २-० अशी मात करून. उत्तर नॉर्वेत चषक पहिल्यांदाच आला होता. देशाचा चषकविजेता संघ देशाच्या पहिल्या श्रेणीत खेळण्याइतका चांगला नाही, असं त्या वर्षी नियमाने ठरवलं! उत्तरेतल्या लोकांच्या मनात या गोष्टीचा राग किती खोल गेला असेल याची कल्पना करता येते. राजधानीतली माणसं आपल्याला कमी लेखतात ही भावना तिथे फुटबॉलच्याही आधीपासूनची होती. फुटबॉलने तिला एक ठोस पुरावा दिला.

चषक जिंकल्यामुळे १९७६ च्या हंगामात हा दुसऱ्या श्रेणीतला संघ युरोपीय चषकविजेत्यांच्या स्पर्धेत इटलीच्या नापोलीशी खेळला. घरी ०-२, तिकडे ०-१. हरले, पण लाज जाईल असं नाही. त्याच वर्षी तिसऱ्या प्रयत्नात ते पहिल्या श्रेणीत पोचले आणि १९७७ मध्ये, पदार्पणाच्या हंगामात, लीगमध्ये दुसरे आले. चषकाचाही अंतिम सामना खेळले. दोन्हीकडे लिलेस्ट्रॉम हा संघ पुढे राहिला. ‘उत्तरेतले खेळाडू तोडीचे नाहीत’ हा युक्तिवाद एका हंगामात निकालात निघाला.

याच काळात क्लबच्या ओळखीची एक वस्तू जन्माला आली, ती म्हणजे पिवळा टूथब्रश. संघाचा पोशाख पिवळा. प्रेक्षकांच्या घोषणांना ताल देणाऱ्या एका उत्साही चाहत्याने सत्तरच्या दशकात हातात टूथब्रश घेऊन वाद्यवृंदाच्या संचालकासारखे हातवारे केले, आणि ते लोकांना इतकं आवडलं की टूथब्रश हेच क्लबचं चिन्ह होऊन बसलं. आजही स्टेडियममध्ये माणसाच्या उंचीचे पिवळे टूथब्रश नाचताना दिसतात. यामागे काही गूढ अर्थ शोधायला जाऊ नये. गावाने मजेत सुरू केलेली गोष्ट पन्नास वर्षं टिकवून ठेवली, यातच तिचं सौंदर्य आहे.

आता एक नियम नीट समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्याभोवती फिरते. आयपीएलमध्ये शेवटचा आलेला संघ पुढच्या वर्षीही आयपीएलमध्येच असतो. युरोपातल्या फुटबॉलमध्ये तसं नाही. नॉर्वेच्या सर्वोच्च श्रेणीत, एलितेसेरीनमध्ये, सध्या १६ संघ आहेत. प्रत्येक संघ इतर सगळ्यांशी घरी एकदा आणि बाहेर एकदा असे ३० सामने खेळतो. तळाचे संघ खालच्या श्रेणीत जातात आणि खालचे विजेते वर येतात. खाली गेलं की टीव्हीचे पैसे आटतात, जाहिरातदार हात आखडता घेतात, चांगले खेळाडू निघून जातात. मग वर यायला आणखी कमी साधनं उरतात. मोठ्या शहरातला क्लब दोन वाईट वर्षं सोसू शकतो. पन्नास हजारांच्या गावातला क्लब एका वाईट वर्षात कोलमडू शकतो.

बोडो-ग्लिम्टचं नेमकं हेच होत राहिलं. १९८० मध्ये ते पहिल्या श्रेणीतून घसरले आणि त्या दशकात तिसऱ्या श्रेणीपर्यंत खाली गेले. नव्वदच्या सुरुवातीला ट्रोन्ड सोलीद हे प्रशिक्षक आले. १९९२ मध्ये संघ वर आला आणि १९९३ मध्ये लीगमध्ये दुसरा क्रमांक पटकावून त्याने चषकही जिंकला, स्ट्रॉम्सगोडसेटला २-० ने हरवून. पुन्हा दहा वर्षांनी, २००३ मध्ये, लीगमध्ये दुसरे आणि चषकात उपविजेते. आणि अवघ्या दोन वर्षांत, २००५ मध्ये, पुन्हा दुसऱ्या श्रेणीत. २००७ मध्ये वर, २००९ मध्ये खाली. २०१३ मध्ये वर, २०१६ मध्ये खाली.

या आलेखाकडे बघितलं की एक गोष्ट ध्यानात येते. १९७७, १९९३, २००३ या प्रत्येक चढाईमागे एक चांगली पिढी किंवा एक चांगला प्रशिक्षक होता. ती माणसं पांगली की क्लबही खाली येत असे. यशाचं काहीच मागे उरत नव्हतं. खेळाडूंची पुढची फळी तयार नसे आणि विकलेल्या खेळाडूचा पैसा कुठे घालायचा याचंही काही गणित नसे. टिकून राहिलं ते एक घराणं. हाराल्ड बर्ग हे सत्तरच्या दशकातले मोठे खेळाडू. हॉलंडमध्ये खेळून ते गावी परतले आणि १९७५ च्या चषकविजयात होते. त्यांची मुलं रुनार आणि ओर्यान ही नव्वदच्या दशकातल्या संघात. ओर्यानचा मुलगा पॅट्रिक हा आजच्या संघाचा कर्णधार आणि मधल्या फळीचा कणा.

२००९ च्या घसरणीनंतर क्लब दिवाळखोरीच्या दारात उभा होता. खेळाडूंचे पगार द्यायला पैसे नव्हते. गाव मदतीला धावलं. लोकांनी वर्गण्या काढल्या, रिकाम्या बाटल्या गोळा करून त्यांच्या अनामत रकमेचे पैसे क्लबला दिले. नॉर्वेत बाटली परत केली की पैसे मिळतात, त्यामुळे ही मदत वाटते तेवढी किरकोळ नव्हती.

इथे विचारलं जातं, एखाद्या धनाढ्य माणसाने क्लब विकत का घेतला नाही? नॉर्वेत तशी सोय नाही. तिथले फुटबॉल क्लब सभासदांच्या मालकीच्या क्रीडासंस्था आहेत. व्यवहार सांभाळायला एखादी कंपनी जोडता येते, गुंतवणूकदार पैसे घालू शकतो, पण निर्णयाचा अधिकार सभासदांच्या संस्थेकडेच राहतो. वार्षिक सभा होते, सभासद मतदान करतात, कार्यकारिणी निवडतात. इंग्लंडमध्ये एखादा अब्जाधीश येऊन रातोरात संघ पालटून टाकतो, ते इथे घडत नाही. बोडो-ग्लिम्टला जे काही करायचं होतं ते आपल्याच कमाईतून करावं लागणार होतं. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. क्लबची वाईट वर्षं त्यामुळे अधिक वाईट झाली असतील, पण चांगली वर्षं आली तेव्हा ती पूर्णपणे गावाची होती.

२०१६ च्या घसरणीनंतर मात्र काहीतरी वेगळं झालं. प्रशिक्षक ऑस्मुंड बिओर्कान यांच्या हाताखाली २०१७ मध्ये संघ लगेच वर आला. त्या वर्षी क्लबमध्ये दोन माणसं आली. पहिले चेतिल क्नूटसेन, सहायक प्रशिक्षक म्हणून. ते पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गन भागातले. तिथल्या आसाने या छोट्या क्लबचे ते प्रशिक्षक होते. खेळाडू म्हणून त्यांचं नाव कुणाला माहीत नव्हतं. २०१८ मध्ये ते मुख्य प्रशिक्षक झाले.

दुसरे ब्योर्न मान्सवेर्क. ते लढाऊ विमानाचे वैमानिक होते, बोडोच्या त्याच हवाई तळावर एका तुकडीचे प्रमुख. २०११ मध्ये लिबियावरच्या मोहिमेत त्यांची तुकडी होती. जिवावर बेतू शकेल अशा कामात माणसाचं मन स्थिर कसं ठेवायचं यासाठी त्यांनी आपल्या तुकडीत मानसिक प्रशिक्षण सुरू केलं होतं. फुटबॉलशी त्यांचा संबंध नव्हता. क्लबने त्यांना विचारलं, खालच्या श्रेणीत गेलेल्या या खेळाडूंची मनं सावरायला मदत कराल का?

मान्सवेर्क यांनी जे आणलं ते ऐकायला साधं आहे. खेळाडू ध्यान करायला शिकले. दर सामन्यानंतर, जिंकलो असो वा हरलो, काय ठरवलं होतं आणि काय केलं याची मोकळी चर्चा सुरू झाली. वैमानिक उड्डाणानंतर हेच करतात. त्या खोलीत हुद्दा बाजूला ठेवतात, कारण लपवलेली चूक पुढच्या उड्डाणात कुणाचा तरी जीव घेऊ शकते. संघावर गोल झाला की खेळाडू मैदानातच कडं करून उभे राहतात आणि बोलतात. दोष कुणाचा हे त्या कड्यात ठरवायचं नसतं. पुढच्या काही मिनिटांत काय करायचं एवढंच बोलायचं.

सगळ्यात मोठा बदल म्हणजे निकालाचं लक्ष्य ठेवणं त्यांनी बंद केलं. ‘यंदा पहिल्या तिघांत यायचं’, ‘हा सामना जिंकायचाच’ असली भाषा क्लबने सोडली. निकाल पूर्णपणे आपल्या हातात नसतो. प्रतिस्पर्धी चांगला खेळतो, चेंडू खांबाला लागतो, पंच चुकतो. चेंडू गमावल्यावर किती सेकंदांत धावलो, पास देताना कुठे उभे होतो, सरावात किती झोकून दिलं, हे मात्र आपल्या हातात असतं. मराठी वाचकाला यात नवं काही वाटणार नाही, फळाची अपेक्षा न धरता कर्म करावं हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. अवघड आहे ते व्यावसायिक खेळात, जिथे तीन पराभवांनंतर प्रशिक्षकाची नोकरी जाते, तिथे हे खरोखर पाळणं. उल्रिक साल्टनेस या मिडफिल्डरने जाहीरपणे सांगितलं आहे की सामन्यांच्या ताणाने त्याचं पोट बिघडायचं, इतकं की तो खेळ सोडायच्या विचारात होता. मान्सवेर्कबरोबरच्या कामाने तो सावरला आणि पुढची अनेक वर्षं या संघाचा आधार राहिला.

मनाचा भाग एवढा रंगवून सांगितला जातो की खेळाचा भाग राहून जातो. क्नूटसेन यांचा संघ ४-३-३ अशा रचनेत खेळतो. चार बचावपटू, तीन मिडफिल्डर, तीन आघाडीवर. रचना जगात सगळीकडे आहे. फरक आहे वेगात. चेंडू गेला की मागे हटून वाट बघायची नाही, तिथल्या तिथे तिघा-चौघांनी घेराव घालून तो परत मिळवायचा. मिळाला की दोन-तीन पासमध्ये समोरच्या गोलपाशी पोचायचं. यासाठी अकराही जण नव्वद मिनिटं धावू शकायला हवेत, आणि प्रत्येकाला शेजारचा कुठे असेल हे न बघता कळायला हवं. म्हणूनच हा क्लब प्रशिक्षक बदलत नाही आणि खेळायची पद्धतही बदलत नाही. नवा खेळाडू आला तर तो या पद्धतीत बसेल का एवढंच पाहिलं जातं.

मैदानही मदतीला आहे. आस्पमिरा हे त्यांचं स्टेडियम, साधारण आठ हजार प्रेक्षकांचं. ध्रुववृत्तापलीकडे हिवाळाभर खरं गवत टिकवणं फार कठीण, म्हणून तिथे कृत्रिम गवत आहे. त्यावर चेंडू जलद आणि एकसारखा सरकतो. बाहेरचे संघ त्याबद्दल कुरकुर करतात, आणि त्यात तथ्य आहे, सवय नसलेल्याला ते जड जातं. पण फक्त गवतामुळे जिंकले असते तर नॉर्वेत कृत्रिम गवत असलेले इतर क्लबही युरोपात चमकले असते.

२०१८ मध्ये ते अकरावे आले. क्नूटसेन यांना ठेवलं. २०१९ मध्ये दुसरे. मग २०२०. ३० सामने, २६ विजय, ३ बरोबरी, १ पराभव. ८१ गुण, १०३ गोल. नॉर्वेच्या लीगमध्ये असा हंगाम कुणी पाहिला नव्हता. दुसरा आलेला मोल्डे १९ गुणांनी मागे होता. स्थापनेनंतर १०४ वर्षांनी बोडो-ग्लिम्ट पहिल्यांदा लीगविजेते झाले, आणि उत्तर नॉर्वेतला कोणताही क्लब पहिल्यांदाच. साथीचं वर्ष होतं, त्यामुळे तो हंगाम जवळपास रिकाम्या मैदानांवर पार पडला. ज्या गावाने शंभर वर्षं वाट पाहिली त्याला मैदानात गर्दी करता आली नाही, याची हळहळ मला आजही वाटते.

जुन्या रीतीप्रमाणे यानंतर घसरण यायला हवी होती. कारण खेळाडू गेलेच. येन्स पेटर हाउगे या तरुणाने सप्टेंबर २०२० मध्ये एसी मिलानविरुद्ध त्यांच्याच मैदानावर गोल केला, सामना ३-२ असा मिलानने जिंकला आणि काही दिवसांत मिलाननेच त्याला विकत घेतलं. २७ गोल करणारा कास्पर युंकर जपानला गेला, फिलिप झिंकरनागेल इंग्लंडला. आघाडीचे तिघेही काही महिन्यांत गेले. आणि २०२१ मध्ये बोडो-ग्लिम्ट पुन्हा विजेते झाले. या क्लबच्या इतिहासातलं खरं वळण मला २०२१ वाटतं. २०२० सारखी एखादी भन्नाट पिढी आधीही येऊन गेली होती. ती गेल्यावरही यश टिकलं, हे पहिल्यांदाच घडत होतं. २०२३ आणि २०२४ मध्येही विजेतेपद आलं.

विक्रीचं गणित असं. छोट्या देशाच्या लीगमध्ये टीव्हीचे पैसे थोडे, तिकिटांचे त्याहून थोडे. म्हणून तरुण खेळाडू स्वस्तात घ्यायचा किंवा गावात घडवायचा, दोन-तीन वर्षं खेळवायचा आणि मोठ्या लीगला विकायचा. सगळे नॉर्वेजियन क्लब हेच करतात. बोडो-ग्लिम्टची खासियत पुढच्या पायरीत आहे. गेलेले खेळाडू परत येतात. पॅट्रिक बर्ग २०२२ च्या सुरुवातीला फ्रान्सच्या लाँस क्लबकडे गेला आणि त्याच उन्हाळ्यात परतला. हाउगे मिलान, फ्रँकफर्ट, गेंट फिरून २०२४ मध्ये परतला. होकॉन एव्येन हॉलंड-डेन्मार्क करून आला. फ्रेड्रिक बिओर्कान, प्रशिक्षक बिओर्कान यांचा मुलगा, जर्मनीहून आला. बाहेर त्यांना हवी तशी संधी मिळाली नव्हती. इथे ज्या पद्धतीत ते घडले होते ती पद्धत तशीच चालू होती, त्यामुळे आल्या दिवसापासून ते रुळले.

युरोपातली वाटचाल समजायला आणखी थोडी माहिती हवी. युरोपीय फुटबॉल संघटनेच्या, युएफाच्या, तीन क्लब स्पर्धा आहेत. वरची चॅम्पियन्स लीग, मधली युरोपा लीग, तिसरी कॉन्फरन्स लीग. इंग्लंड, स्पेन, इटली यांसारख्या देशांच्या वरच्या संघांना चॅम्पियन्स लीगमध्ये थेट प्रवेश असतो. नॉर्वेच्या विजेत्याला जुलै-ऑगस्टमध्ये पात्रता फेऱ्या खेळाव्या लागतात. हरलं तर खालच्या स्पर्धेत. शिवाय नॉर्वेचा हंगाम वसंतात सुरू होऊन हिवाळ्याच्या तोंडावर संपतो, म्हणजे फेब्रुवारीत युरोपच्या बाद फेऱ्या येतात तेव्हा समोरचा संघ ऐन भरात असतो आणि नॉर्वेचा संघ सुट्टी संपवून नुकता सरावाला लागलेला असतो.

अशा परिस्थितीत २१ ऑक्टोबर २०२१ रोजी कॉन्फरन्स लीगमध्ये इटलीची रोमा आस्पमिरावर आली आणि ६-१ ने हरून गेली. रोमाचे तेव्हाचे नामांकित प्रशिक्षक जोसे मॉरिन्यो यांच्या कोणत्याही संघाने त्याआधी एका सामन्यात सहा गोल खाल्ले नव्हते. त्यांनी राखीव खेळाडू उतरवले होते, म्हणून तो योगायोग असावा असं काहींना वाटलं. पण रोममधला परतीचा सामना २-२ बरोबरीत सुटला, फेब्रुवारीत सेल्टिकला ग्लासगोत ३-१ आणि घरी २-० असं हरवलं, आणि उपांत्यपूर्व फेरीत रोमाला पुन्हा २-१ ने नमवलं. रोममध्ये मात्र ०-४ झालं आणि प्रवास थांबला.

चॅम्पियन्स लीगच्या उंबरठ्यावर ते दोनदा अडखळले, २०२२ मध्ये दिनामो झाग्रेबपुढे आणि २०२४ मध्ये बेलग्रेडच्या रेड स्टारपुढे. २०२४ च्या त्या पराभवामुळे ते युरोपा लीगमध्ये आले आणि तिथे त्यांनी जे केलं ते नॉर्वेच्या पुरुषांच्या कोणत्याही क्लबने केलं नव्हतं. दहा खेळाडूंनिशी पोर्तोला ३-२ ने हरवलं. ऑलिंपियाकोसला बाहेर काढलं. उपांत्यपूर्व फेरीत लाझिओला घरी २-० ने हरवलं, रोममध्ये जादा वेळेत ३-१ ने मागे पडले, एकूण ३-३ झालं आणि पेनल्टींवर गोलरक्षक निकिता हायकिनने संघाला तारलं. उपांत्य फेरीत टॉटेनहॅमने लंडनमध्ये ३-१ आणि बोडोत २-० असं हरवलं. त्या सामन्याच्या तिकिटांसाठी गावाच्या लोकसंख्येएवढी ऑनलाइन रांग लागली होती. त्याच हंगामात एका चाहत्याने तिकिटाच्या बदल्यात रेनडिअरचं मांस देऊ केल्याची बातमी जगभर छापून आली.

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑस्ट्रियाच्या स्टुर्म ग्राझला घरी ५-० ने उडवून बोडो-ग्लिम्ट अखेर चॅम्पियन्स लीगच्या मुख्य स्पर्धेत पोचले. पहिल्या सहा सामन्यांत एकही विजय नाही, तीन बरोबरी. मोनॅकोकडून ०-१, युव्हेंटसकडून २-३ असे हातातोंडाशी आलेले सामने निसटले. मग जानेवारीत सिटीविरुद्धचा ३-१, आणि आठ दिवसांनी माद्रिदमध्ये ॲटलेटिकोवर २-१. तेवढ्यावर ते पुढच्या फेरीत गेले.

आता पैशाची एक अडचण, जिच्याबद्दल नॉर्वेत गंभीरपणे बोललं जातं. चॅम्पियन्स लीगच्या मुख्य स्पर्धेत नुसतं पोचल्याचे १ कोटी ८६ लाख युरो मिळतात. विजयाचे २१ लाख, बरोबरीचे ७ लाख वेगळे. इंग्लंडच्या क्लबला ही रक्कम एका खेळाडूची किंमत वाटेल. नॉर्वेत मात्र ती लीगचं संतुलन बिघडवू शकते. हे आधी घडलेलं आहे. ट्रॉनहाइमचा रोसेनबोर्ग १९९२ ते २००४ सलग १३ वर्षं विजेता होता, आणि चॅम्पियन्स लीगच्या पैशावर त्याने इतर क्लबांचे चांगले खेळाडू उचलले. ज्या क्लबला कधीकाळी लीगबाहेर ठेवलं होतं तोच आता लीग एकतर्फी करील की काय, ही शंका रास्त आहे. पण रोसेनबोर्ग स्वतः नंतर मध्यम संघ होऊन बसला, म्हणजे नुसत्या पैशाने टिकता येत नाही. आणि २०२५ चं विजेतेपद बोडो-ग्लिम्टला मिळालंच नाही. स्टावांगरच्या विकिंगने ते एका गुणाने नेलं, १९९१ नंतर पहिल्यांदा.

मला खरी उत्सुकता वेगळ्या परीक्षेची आहे. क्नूटसेन यांना मोठ्या क्लबांनी विचारलं असल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात आणि ते थांबतात. कधीतरी ते जातील, किंवा थकतील. खेळाडू गेल्यावर हा क्लब उभा राहतो हे २०२१ ने दाखवलं. ज्याने सगळं बसवलं तो माणूस गेल्यावर ध्यान, चर्चा, मैदानातलं कडं आणि चेंडूमागची ती धाव तशीच राहते का, की १९९३ आणि २००३ नंतर झालं तसंच पुन्हा होतं, हे अजून कुणी पाहिलेलं नाही. क्लबच्या वार्षिक सभेला जाणारे सभासद हा प्रश्न आत्ताच विचारत असतील अशी मला आशा आहे.